खालचे काका

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात त्यांना लहानथोर सगळे ‘खालचे काका’ म्हणतात. नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो. त्यांच्याकडे आलेला पाहुणा तळमजल्यावरची बेल वाजवतो आणि तळमजल्यावरच्या वहिनी न विचारताच सांगतात, “खालचे ना? वर.” हे नाव इमारतीनं दिलेलं नाही. ते बोटीवरून आलेलं आहे.

आमच्या गावच्या धक्क्यावरून नदीची सहल निघते. पांढरी दुमजली बोट सकाळी आठला सुटते. तीन घळींमधून वाट काढत दुपारी मोठ्या धरणापाशी पोचते, धरणापलीकडे उतरते, वळसा घेते आणि दिवेलागणीपर्यंत परत येते. लोक लांबून येतात, डेकवर उभे राहून माना मोडेपर्यंत वर बघतात. त्या डेकच्या खाली, चौदा पायऱ्या उतरून गेलं की बोटीच्या पोटात स्वयंपाकघर आहे. काका तिथं सत्तावीस वर्षं होते. वरच्या कुणाला चहा हवा झाला की जिन्याच्या तोंडाशी येऊन तो ओरडायचा, “ओ खालचे!” पुढं केस पिकले तसं त्याला ‘काका’ जोडलं गेलं.

पहाटे साडेचारला ते उठत. पाचला आमच्या दारावरून त्यांच्या चपला जिना उतरायच्या, आधी उजवी, मग जरा थांबून डावी. डाव्या पायाच्या पोटरीत शिरा फुगलेल्या होत्या. तीनशे माणसांचा सकाळचा चहा, मग अंडी-ब्रेड, मग पुन्हा चहा, मग जेवण, मग भांडी, मग परतीचा चहा, मग पुन्हा भांडी. चार जणांचं काम तिघं करत, आणि तिघांतला एक नेहमी आजारी असे. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. हवेसाठी एक जाड नळ छतातून वर डेकवर गेलेला होता, बस. रात्री घरी आले की काका चपला काढायच्या आधी भिंतीला टेकून मिनिटभर उभे राहत. काकू म्हणत, “आत या की, भिंत पडणार नाही.” काका म्हणत, “तिला नाही गं, मला टेकू लागतो.”

असा हा कमी बोलणारा, दमलेला माणूस एकाच विषयावर खुलत असे. तो विषय म्हणजे घळी. जेवताना काकू विचारायच्या, “आज कसं होतं हो?” आणि काका सांगायला लागायचे. पहिल्या घळीतला वाकलेला म्हातारा, म्हणजे तशा आकाराचा कडा. दुसऱ्या घळीच्या तोंडाशी उघड्या पुस्तकासारखे दोन उभे सुळके. तिच्या शेवटाला न्हाव्याचा वस्तरा, पात्यासारखा पातळ खडक, आणि त्याच्या अगदी टोकावर एकच वाकडं झाड. आज झाडावर घार बसली होती. आज म्हाताऱ्याच्या नाकावरून पाणी गळत होतं, सर्दी झाली असणार. दोन्ही मुली यावर खिदळत जेवत.

मी शाळेत शिकवायचे आणि थोरली माझ्या वर्गात होती. सहावीत ‘माझे वडील’ हा निबंध दिला तेव्हा तिनं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘माझे वडील रोज डोंगर बघतात.’ पुढं दीड पान म्हातारा, पुस्तक, वस्तरा आणि झाड. मी तिला दहापैकी नऊ दिले आणि तो निबंध वर्गात वाचून दाखवला. काकूंनी ती वही अजून ठेवली आहे.

काकू स्वतः मात्र त्या बोटीवर कधीच गेल्या नव्हत्या. कामगारांच्या घरच्यांना सवलत नव्हती. शिवाय आधी मुली लहान, मग सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कूस बदलून द्यायची, पुसून काढायचं, चादरी धुवायच्या. दिवसभर बाहेर पडायची सोय नव्हती. सासूबाई गेल्या तोवर काकूंचे गुडघे गेले.

मग यंदा काका निवृत्त झाले. कंपनीनं त्यांना निरोप म्हणून एक पास दिला. दोन माणसं, एक दिवस, मोसम संपायच्या आत. काकांनी तो पास टेबलाच्या खणात ठेवला आणि त्यावर वर्तमानपत्र घातलं. काकूंनी तो दुसऱ्या दिवशी शोधून काढला. त्यांचं बोलणं वरून आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतं, यात कुणाचाच दोष नाही, भिंतीच तशा आहेत.

“पोरगी आणि जावई जाऊ देत,” काका म्हणत होते.

“का? मला काय पाय नाहीत?”

“पायच तर दुखतात तुझे.”

“बोटीत बसायचंच असतं ना? की मलाच वल्ही मारायची आहेत?”

“मी दमलोय गं. मला महिनाभर नुसतं झोपू दे.”

“झोपा की. परवापर्यंत झोपा. इतकी वर्षं कानांनी बघितलं मी, आता डोळ्यांनी बघू द्या.”

त्याच दुपारी काकू वाण्याकडे गेलेल्या पाहून काका माझ्या दारात आले. आत येऊन बसले, डाव्या पोटरीवरून हात फिरवत राहिले.

“बाई, त्या घळींचं एखादं फोटोंचं पुस्तक आहे का हो तुमच्याकडे?”

“तुम्हाला कशाला फोटो?” मी म्हटलं. “तुम्ही तर रोज बघितल्यात.”

“नाही बघितल्या.”

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण त्यांनी मान खाली घातली होती. अशी मान मी चाळीस वर्षं बाकावर बघितली आहे, ती थट्टेची नसते.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. नोकरीचा पहिला दिवस. लग्नाला चार महिने झालेले. सगळा दिवस खाली गेला, त्यातही निम्मा वेळ ओकाऱ्या काढण्यात. संध्याकाळी घरी आले तर ही नवी बायको नीट केस विंचरून बसलेली, डोळे मोठे करून विचारते, कसं आहे हो तिथं? ‘मला काहीच दिसलं नाही, मी बादलीत तोंड घालून होतो,’ हे सांगायला जीभ वळली नाही. हवेच्या नळातून वरच्या भोंग्याचा आवाज खाली येतो. प्रवाशांना माहिती देणारा माईकवाला जे सांगतो ते सगळं ऐकू येतं. तेच त्यांनी म्हणून दाखवलं. ती इतकी खूश झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. “आणि मग बाई, रोज विचारायला लागली.”

“पण सत्तावीस वर्षांत एकदाही वर गेला नाहीत?”

“पहिला मॅनेजर फार कडक होता. एप्रन घालून वर यायचं नाही, पाहुण्यांना बरं दिसत नाही. तो गेला तोवर सवय मोडली. जरा मोकळा वेळ मिळाला की पिठाच्या पोत्यांवर आडवा व्हायचो. एकदा गेलो होतो. मुद्दाम हात पुसून गेलो. तर बोट नेमकी धरणाच्या हौदात होती. दोन्हीकडे ओली भिंत. बघितली भिंत आणि आलो खाली.”

हा हौद म्हणजे काय ते सांगायला हवं. धरणाच्या वरचं पाणी उंच, खालचं खोल. म्हणून धरणाच्या कडेला सिमेंटचे प्रचंड हौद बांधले आहेत. बोट हौदात शिरते, मागचा दरवाजा लागतो, पाणी सोडून देतात, बोट पाण्याबरोबर खाली बसते आणि मग पुढचा दरवाजा उघडतो. यात अर्धापाऊण तास जातो. इतक्या वर्षांत काकांनी वर जाऊन जे पाहिलं ते एवढंच.

“काकूंना जाण्याआधीच सांगून टाका,” मी म्हटलं.

“आता कुठल्या तोंडानं सांगू? पोरींना सांगितलंय, व्याह्यांना सांगितलंय. तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत.” हे ते तक्रारीनं म्हणाले नाहीत, पण मला लागायचं ते लागलं. “तिथं गेल्यावर ती विचारणार, हे काय, ते काय. एक जरी चुकलं तरी ती म्हणेल, हा माणूस आयुष्यभर माझ्या तोंडावर खोटं बोलला. आणि ते खरंच आहे.”

शाळेच्या सहलीत मिळालेलं एक माहितीपत्रक माझ्या कपाटात होतं. फोटो विटलेले, पण प्रत्येकाखाली कुठल्या बाजूला काय ते लिहिलेलं. ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. दोन दिवस ते जिन्यात बसून पाठ करत होते. म्हातारा डावीकडे, पुस्तक उजवीकडे, वस्तरा डावीकडे. वर्गात पाढे न येणारी मुलं अशीच जिन्यात बसून ओठ हलवतात.

पुढचं मला काकूंनी सांगितलं, आणि नंतर काकांनीही. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

बोटीवर काकांचं स्वागत झालं. सुकाणूवरच्या सारंगानं वरून हात केला. काकांच्या जागी आलेली बाई, तिशीतली, पदर खोचलेली, जिन्यातून डोकं बाहेर काढून म्हणाली, “काका, आज पाऊल खाली टाकायचं नाही हं! वरच बसायचं!” काकू डेकच्या पुढच्या बाकाकडे निघाल्या, जिथून सगळं समोर दिसतं. काका त्यांच्याशेजारी बसले. बोट सुटली आणि दहा मिनिटांत काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय होतंय?”

“गरगरतंय.”

“सत्तावीस वर्षं बोटीवर काढून?”

कारण साधं होतं. खालची शेगडी बोटीच्या मागच्या भिंतीला आहे. काका सत्तावीस वर्षं तिच्याकडे तोंड करून, म्हणजे बोट जिकडे जाते तिकडे पाठ करून, उभे राहिले होते. बोट पाठीमागं सरकते हीच त्यांच्या शरीराची समजूत. समोरून नदी अंगावर येते आहे हे पोटाला सहन होईना. शेवटी दोघं उठून अगदी मागच्या बाकावर जाऊन बसले, जिथं तोंड बोटीच्या शेपटीकडे असतं. तिथं काकांचा जीव थाऱ्यावर आला. त्या बाकावर दुसरं कुणीच नव्हतं.

पहिली घळ सुरू झाली. भोंग्यातून माईकवाल्याचा आवाज आला, “आता आपल्या डावीकडे पाहा, वाकलेला म्हातारा!”

काका या क्षणाची वाटच बघत होते. त्यांनी ताबडतोब डावा हात लांब केला. “तो बघ!”

काकूंनी पाहिलं. उतारावर झुडपं होती आणि विजेच्या तारांचा एक खांब.

“कुठं?”

“अगं तो काय. नाक दिसत नाही?”

“तो खांब?”

“खांबाच्या मागं. नीट बघ. वाकलाय बघ कसा.”

काकूंनी डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा लावला. नवऱ्याचा हात इतका ठाम होता की त्यांना आपल्याच डोळ्यांची शंका आली. “हां,” त्या म्हणाल्या, “आहे खरं काहीतरी.” आणि तेवढ्यात बोट जराशी कलली, कारण डेकवरची सगळी माणसं दुसऱ्या बाजूच्या कठड्याला जाऊन लागली होती. गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक जाडे गृहस्थ वळून म्हणाले, “आजोबा, तिकडं काय बघताय? म्हातारा इकडं आहे!”

काकूंनी वळून पाहिलं. म्हातारा होता. नाक, हनुवटी, वाकलेली पाठ, सगळं जिथल्या तिथं, शाळेतल्या तक्त्यावर काढावं तसं.

“वयानं डावं-उजवं कळेनासं झालं का?” काकू म्हणाल्या, पण हसून.

बोटीची डावी बाजू आणि उलटं तोंड करून बसलेल्याची डावी बाजू एक नसते, हे काकांच्या तेव्हाच लक्षात आलं. पण आता हातावरचा विश्वासच उडाला होता. दुसऱ्या घळीच्या तोंडाशी माईकवाला ‘उजवीकडे’ म्हणाला, तेव्हा त्यांनी हात मांडीवरच ठेवला आणि आधी लोकांच्या तोंडाकडे पाहिलं. लोक जिकडे वळले तिकडे तेही वळले. “ते बघ, पुस्तक.” काकूंनी पुस्तक पाहिलं. पण त्याआधी त्यांनी नवरा काय बघतो ते पाहिलं होतं.

“तुम्ही लोकांकडे काय बघताय?”

“काही नाही. गर्दी आहे आज.”

“मागच्या बाकावर आपण दोघंच आहोत.”

मग वस्तरा आला. माईकवाला ‘डावीकडे’ म्हणाला आणि या वेळी काका बरोबर बाजूला वळले. वस्तरा खरोखर वस्तऱ्यासारखा होता, आभाळात उघडा धरलेला. काका उभे राहिले. कठड्याला धरून त्यांनी मान वर केली, मग पुढं वाकले, मग दोन पावलं सरकून पुन्हा पाहिलं.

“झाड कुठं गेलं?” ते म्हणाले.

टोक बोडकं होतं. तिथं गवताची काडीसुद्धा उगवली नसती.

“इथं झाड होतं,” काका म्हणाले. “वाकडं. इथंच होतं.”

“पडलं असेल,” काकू म्हणाल्या.

“पडेल कसं? खडकाला घट्ट...” आणि काका थांबले. ते झाड माईकवाल्यानं कधी सांगितलं नव्हतं. धाकटी तीन वर्षांची असताना ताप येऊन जेवत नव्हती, तेव्हा एका रात्री त्यांनी स्वतःच ते वस्तऱ्यावर लावलं होतं. सांगता सांगता त्याला पानं फुटली, घार येऊन बसली, आणि वीस वर्षांत आपण ते लावलं हेच काका विसरून गेले. मला हे सांगताना ते म्हणाले, “बाई, बाकीचं मी बघितलं नाही हे मला माहीत होतं. पण ते झाड मी बघितलं होतं.”

ते खाली बसले.

“अहो,” काकू म्हणाल्या. आवाज साधाच होता, मीठ कुठं ठेवलं असं विचारताना असतो तसा. “तुम्ही हे कधी बघितलंच नाही ना?”

“नाही.”

“एकदाही?”

“खाली खिडकी नाही.”

काकूंनी तोंड उघडलं, पण भोंगा पुन्हा वाजला. तिसरी घळ सुरू होत होती, सगळ्यात अरुंद, सगळ्यात उंच. काकूंनी हात वर केला. “थांबा,” त्या म्हणाल्या. “आता काही बोलू नका. मी बघायला आलेय. आधी मला बघू द्या.”

आणि त्यांनी पाहिलं. पंचवीस मिनिटं त्या बाकावर ताठ बसून दोन्हीकडचे कडे बघत होत्या. काकांनी एकदोनदा त्यांच्याकडे पाहिलं, मग सोडून दिलं. त्यांनीही मान वर केली. त्यांना घळ कशी वाटली असं मी नंतर विचारलं होतं. ते म्हणाले, “उंच होती. मान दुखली.”

घळ संपली, नदी रुंद झाली, धरणाच्या अलीकडचं सपाट संथ पाणी लागलं. तेव्हा काकू बोलल्या.

“आई अंथरुणावर होत्या तेव्हाचं आठवतं? तुम्ही यायचात आणि सांगायचात, आज कड्यावर ऊन कसं पडलं होतं.”

“हं.”

“मी दिवसभर घाणीच्या चादरी धुतलेल्या असायच्या. हाताचा वास जात नसायचा. आणि तुम्ही सांगायचात ऊन. मी रोज विचारायची, कारण विचारलं नाही तर तुमचा चेहरा पडायचा. पण आतून जळायची मी. म्हणायची, या माणसाला दिवसभर डोंगर आणि मला दिवसभर मोरी. पगार एकच घरात येतो, पण नशीब बघा.”

काका डावी पोटरी चोळत राहिले.

“कधी कधी भाजीत मुद्दाम मीठ घालायची नाही.”

“मला वाटायचं, विसरतेस.”

“रोज कोण विसरतं मीठ? तुम्ही आपले मुकाट जेवायचात. मला अजून राग यायचा. म्हणायची, याचं पोट तिकडं बघून भरलंय.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “अकरा वर्षं जळले मी तुमच्यावर. आणि तुम्हीही मोरीवरच.”

“सांगायला हवं होतं.”

“हवंच होतं. सांगितलं असतंत तर दोघांनी मिळून रडलो तरी असतो. एकटीनं जळायला लावलंत.” मग चष्मा पुन्हा लावत, “मला नक्की कुणावर चिडायचं तेच कळेनासं झालंय आता.”

बोटीचा वेग कमी झाला. समोर धरण होतं, पण या दोघांची त्याच्याकडे पाठ होती. हौदात शिरताना सावली पडली, दोन्हीकडे ओली भिंत वर चढत गेली. माईकवाला धरणाची उंची, लांबी, किती वर्षं लागली ते सांगायला लागला. लोक पुढच्या बाजूला धावले. काकू गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या.

“चला.”

“कुठं? पुढं नको, मला गरगरेल.”

“खाली. तुमची जागा दाखवा.”

“तिथं काय बघायचंय?”

“ते मी ठरवीन.”

चौदा पायऱ्या उतरायला काकूंना वेळ लागला. काका पुढं, उलटे उतरत, त्यांचा हात धरून. नवी बाई हातातला झारा घेऊन ओरडली, “काकू! तुम्ही कशाला आलात? भाजाल!” काकूंनी तिला काहीबाही सांगून बाजूला केलं आणि शेगडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. छत डोक्याला लागेल इतकं खाली. समोर हातभर अंतरावर पत्र्याची भिंत, तेलकट. काकू त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या, वर कड्यांकडे बघत होत्या तशाच. वाफेनं चष्मा धुरकट झाला. त्यांनी तो पुसला नाही.

“इथं?”

“इथंच. हा पाय इथं, हा तिथं.”

“आणि काय बघायचात?”

“काही नाही. पातेलं.”

काकूंना पिठाच्या पोत्यावर बसवून काका शेजारी उभे राहिले. पातेल्यात चहाचं पाणी ठेवलेलं होतं. काका त्याच्याकडे बघत होते.

“आता मागचा दरवाजा लागतोय,” ते म्हणाले.

काकूंना काहीच ऐकू आलं नव्हतं. मग बोटीच्या अंगातून एक जड हादरा गेला, आणि हवेच्या नळातून माईकवाल्याचा आवाज उतरला, “मंडळी, आता आपल्या मागचा दरवाजा बंद झालेला आहे!”

“आता पाणी सोडतील. पाण्यावरचा शहारा बघ. तो थांबला की समजायचं सुटलं.”

पातेल्यातला शहारा हळूहळू विरला. थोड्या वेळानं भोंगाही तेच म्हणाला.

“सुरुवातीला हळू सोडतात. आता जोरात. कानात दडा बसला बघ.”

“हो,” काकू कानाशी बोट नेत म्हणाल्या.

“आता डावी भिंत घासेल. दर वेळी घासते, सारंग कबूल करत नाही.” आणि एक लांब कर्कश आवाज त्यांच्या डाव्या हाताकडून, पत्र्याच्या मागून, वर सरकत गेला. नवी बाई झारा धरून हसली. “काकांना सगळं ठाऊक असतं,” ती म्हणाली. “मला महिना झाला, मला अजून बोट चालतेय की थांबलीय तेसुद्धा कळत नाही.”

“निम्मं उतरलो,” काका म्हणाले. “आता चहा टाकायचा. पुढचा दरवाजा उघडेपर्यंत बरोबर होतो.”

नव्या बाईनं चहा टाकला. मग ती म्हणाली, “अहो, पण तुम्ही वर जा ना! दरवाजा उघडला की धरण खालून दिसतं. लोक त्याचसाठी येतात. पाच मिनिटंच दिसतं.”

काका काकूंकडे बघायला लागले. काकूंनी पाय लांब केले, गुडघे चेपले, पाठ पोत्यांच्या थप्पीला टेकवली.

“चौदा पायऱ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मी नाही आता चढत. तुम्हाला जायचंय का?”

“नको.”

“मग बसा इथं. केव्हाचे उभे आहात.”

काका त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले. नवी बाई पुटपुटत चहा गाळायला लागली.

परवा काकू माझ्याकडे ती निबंधाची वही घेऊन आल्या होत्या. थोरलीला फोन करून सगळं सांगितलंय, म्हणाल्या, ती आधी हसली आणि मग म्हणाली, तो निबंध पुन्हा वाचून दाखव. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, धरण कसं वाटलं? एवढं मोठं आहे म्हणतात.

“असेल,” काकू म्हणाल्या. “आम्ही खाली होतो.”